मेंढा (लेखा): शिकायची बैठक वेगळी, ठरवायची सभा वेगळी

सामाजिक संस्था, महिला गट, पंचायती यांच्या प्रशिक्षणांत 'नेतृत्व विकास' नावाचा एक ठरलेला तास असतो. त्या तासाला आपण शिकवतो काय? कायदे, योजना, हिशेब, अर्ज कसा करायचा, सभेत कसे बोलायचे. म्हणजे देतो माहिती आणि अपेक्षा करतो नेतृत्वाची. ज्याला जास्त कळते त्याने पुढे व्हावे आणि जो पुढे झाला त्याने ठरवावे, हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की यात दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते हे ध्यानातही येत नाही.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने ही गल्लत होऊ दिली नाही. शिकायचे एका ठिकाणी, ठरवायचे दुसऱ्या ठिकाणी. मेंढा गावाचे नाव झाले ते सामूहिक वनहक्कामुळे, बांबूमुळे आणि 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' या घोषणेमुळे. माझ्या मते या सगळ्याच्या बुडाशी ती साधी विभागणी आहे आणि तिच्याकडे हवे तेवढे लक्ष कुणी दिलेले नाही. म्हणून इथे गावाची सगळी कहाणी सांगत नाही. २००९ ते २०११ या काळातला बांबूचा पेच तेवढा घेतो आणि त्यात शिकणे कुठे संपले, नेतृत्व कुठे सुरू झाले, हे तपासतो.

गाव आणि दोन माणसे

मेंढा हे धानोरा तालुक्यातले, गडचिरोली-धानोरा रस्त्यालगतचे गोंड आदिवासींचे गाव. शंभराच्या आसपास घरे. शेजारी लेखा आहे म्हणून 'मेंढा (लेखा)'. भाताची शेती, आणि भोवती सुमारे अठराशे हेक्टर जंगल. त्यात मोह, तेंदू, चारोळी, मध आणि मुख्य म्हणजे बांबू. जमीनदारीच्या काळापासून या जंगलातून घरापुरते लाकूड, बांबू, चारा घेण्याचे निस्तार हक्क लोकांकडे होते. स्वातंत्र्यानंतर जमीनदारी गेली, जंगल सरकारच्या ताब्यात आले आणि हे हक्क कागदावर राहिले. बांबू कागद गिरणीला लांब मुदतीच्या करारावर दिला गेला. ज्यांच्या दारात बांबू उगवत होता, त्यांना घराच्या कुडासाठी तो आणायचा तर वनरक्षकाची मर्जी सांभाळावी लागे.

१९८०च्या दशकात इंद्रावती आणि गोदावरीवर भोपालपट्टणम व इंचमपल्ली ही दोन मोठी धरणे प्रस्तावित झाली. त्याविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभे राहिले. आदिवासी नेते लालश्यामशाह महाराज आणि बाबा आमटे त्यात होते. प्रकल्प मागे पडले. मेंढ्याचे देवाजी तोफा याच आंदोलनातून वर आले. घोषणा दिल्या, मोर्चे काढले, पण गावी परतल्यावर जंगल सरकारचेच आणि दारूचे भांडण आपल्याच घरातले, हे त्यांना दिसत होते.

त्याच सुमारास मोहन हिराबाई हिरालाल एका वेगळ्या शोधात होते. जयप्रकाशांच्या आंदोलनात घडलेला आणि विनोबांच्या विचारांवर पोसलेला हा कार्यकर्ता. चंद्रपूरच्या 'वृक्षमित्र' संस्थेतून लोक आणि जंगल यांच्या नात्याचा अभ्यास करायचा, आणि त्यासाठी सर्वांच्या संमतीने निर्णय घेणारे गाव हवे, असे त्यांच्या डोक्यात होते. हा शोध त्यांना मेंढ्यात घेऊन आला.

इथून पुढे जे घडले ते आपल्याकडच्या नेहमीच्या वळणाने गेले नाही. नेहमीचे वळण असे की शहरातून शिकलेला माणूस येतो, गावाला जागे करतो, गाव त्याच्या मागे जाते आणि काही वर्षांनी गावाची ओळख त्याच्या नावाने होते. मोहनभाऊ आले ते शिकायला. गावाला शिकवण्यासारखे त्यांच्याकडे पुष्कळ होते, ते त्यांनी दिलेही. पण गावाने काय करावे हे सांगायचा अधिकार त्यांनी कधी घेतला नाही, आणि गावानेही तो त्यांना दिला नाही.

अभ्यास गट आणि ग्रामसभा

व्यवस्था अशी आहे. गावात अभ्यास गट बसतो. विषय कुठलाही असो, ज्याला रस आहे तो येतो. बाहेरचा माणूस, अधिकारी, संशोधक, कायदा जाणणारा, कुणालाही बोलावता येते. प्रश्न विचारायचे, शंका काढायच्या, वाद घालायचा. पण निर्णय घ्यायचा नाही. अभ्यास गटात कितीही लोकांना एखादी गोष्ट पटली, तरी ती गावाला बांधील नाही.

निर्णय होतो ग्रामसभेत. ही ग्रामसभा म्हणजे पंचायत कायद्यातली, वर्षातून ठरावीक वेळा सह्यांसाठी भरणारी सभा नव्हे. ही गावातल्या सगळ्या प्रौढ माणसांची सभा, जिथे घरटी एक बाई आणि एक पुरुष तरी यावेत असा दंडक गावाने घातला. इथे बाहेरच्याला मत नाही. आणि इथे बहुमत चालत नाही. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेवर जातो. पुन्हा बोलणे, गरज पडली तर पुन्हा अभ्यास, पुन्हा सभा.

या दोन बैठका एकत्र का केल्या नाहीत, हा या प्रकरणाचा गाभा आहे. कारण या दोन्हींतले प्रश्नच वेगळे. शिकताना विचारायचे असते: खरे काय आहे? ठरवताना विचारायचे असते: आपण करायचे काय, आणि त्याचे जे होईल ते भोगायला कोण कोण तयार आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर एखाद्या तज्ज्ञाकडे असू शकते. दुसऱ्याचे नसते. वकील सांगू शकेल की कायदा तुमच्या बाजूने आहे. पण कायदा बाजूने असूनही उद्या ट्रक अडवला, गुन्हा दाखल झाला, तर रोजगार बुडवून तारखेला कोण जाणार, हे वकील सांगू शकत नाही.

दोन्ही एकाच बैठकीत केले की काय होते हे आपण आपल्या संस्थांत रोज पाहतो. ज्याला निर्णय हवा तसा हवा आहे, तो माहितीही तशीच मांडतो. ज्याला विषय कळलेला नाही तो गप्प बसतो, कारण शंका विचारणे म्हणजे विरोध करणे असे वाटू लागते. आणि अध्यक्षाच्या खुर्चीवर बसलेल्याला 'मला हे माहीत नाही' म्हणायची सोयच उरत नाही. शिकणाऱ्या बैठकीवर निर्णयाचे ओझे नसेल तर माणूस चुकीचे बोलू शकतो, मत बदलू शकतो, ज्याच्याशी पटत नाही त्या वनाधिकाऱ्यालाही समोर बसवून नीट ऐकून घेऊ शकतो. मेंढ्यात वन खात्याशी संघर्ष चालू असतानाही खात्याची माणसे चर्चेला येत राहिली, ती यामुळे.

सर्वसहमतीबद्दल नेहमी एक शंका येते: मग एक आडमुठा माणूस सगळे गाव अडवून ठेवेल की. व्यवहारात तसे होत नाही, असे मेंढ्याचा अनुभव सांगतो, आणि त्याचे कारणही अभ्यास गटच आहे असे मला वाटते. विरोध करणाऱ्याचे म्हणणे मोडून काढायची घाई नसते. ते तपासायला जागा असते. दारूचा विषय बायकांनी लावून धरला तेव्हा तो एका बैठकीत सुटला नाही. देवकार्याला मोहाची दारू लागते, मग सरसकट बंदी कशी करायची, असा प्रश्न होता. बोलणी चालत राहिली आणि विधीपुरती मुभा ठेवून बाकी दारू बंद, असा मार्ग निघाला. बहुमताने झाले असते तर लवकर झाले असते आणि लवकर मोडले असते.

नेतृत्वाचाही एक प्रसंग लक्षात ठेवायला हवा. तरुणांच्या शिकण्याची आणि एकत्र येण्याची परंपरागत जागा म्हणजे गोटुल. तो पुन्हा उभा करायचे गावाने ठरवले. त्यासाठी जंगलातले सागवान आणले. वन खात्याने गोटुल पाडला. कायदा काय म्हणतो हे तेव्हाही लोकांना ठाऊक होते. तरी गाव मागे हटले नाही आणि आसपासच्या गावांनीही साथ म्हणून आपापल्या गावी गोटुल उभारले. इथे नव्याने शिकण्यासारखे फारसे नव्हते. धोका पत्करायचा की नाही एवढेच ठरवायचे होते.

आता बांबू

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या हक्कांचा कायदा २००६ मध्ये संसदेने केला, नियम १ जानेवारी २००८ ला लागू झाले. वैयक्तिक पट्ट्यांचे दावे सगळीकडून येऊ लागले. मेंढ्याने सामूहिक दावा केला: हे सगळे जंगल राखायचा, वापरायचा, त्याची व्यवस्था पाहायचा हक्क ग्रामसभेला द्या. ग्रामसभेने दावा तयार केला, तो उपविभागीय समितीकडे आणि पुढे जिल्हास्तरीय समितीकडे गेला. २००९ मध्ये १८०९.६१ हेक्टरचे अधिकारपत्र मिळाले. याच तालुक्यातले मर्दा आणि मेंढा ही असा सामूहिक हक्क मिळवणारी देशातली पहिली गावे.

अधिकारपत्र हातात आले आणि बांबू तिथेच राहिला.

पेच नेमका कुठे होता ते सविस्तर सांगायला हवे, कारण तो समजायला गावालाही वेळ द्यावा लागला. १९२७च्या भारतीय वन कायद्यात 'वृक्ष' या शब्दाच्या व्याख्येत बांबू येत होता. वृक्ष म्हणजे इमारती लाकूड, म्हणजे खात्याची मालमत्ता. उलट २००६च्या कायद्याने गौण वनोपजाची (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या इतर वस्तूंची) जी व्याख्या केली तिच्यात बांबू स्वच्छ शब्दांत लिहिलेला आहे, आणि परंपरेने गोळा होत आलेल्या गौण वनोपजाची मालकी लोकांची असेही म्हटले आहे. म्हणजे एकच वेळू एका कायद्याने झाड आणि दुसऱ्या कायद्याने वनोपज. पेसा, म्हणजे आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांत ग्रामसभेला अधिकार देणारा पंचायत कायदा, १९९६चा. त्यानंतर महाराष्ट्राने अनुसूचित क्षेत्रातल्या गौण वनोपजाची मालकी गावांकडे देणारा कायदा केला, तेव्हा बांबू आणि तेंदू ही पैसा देणारी दोन्ही उत्पादने यादीबाहेर ठेवली होती. हा इतिहास पाठीशी असल्याने खात्याची भूमिका समजण्यासारखी होती, मान्य करण्यासारखी नव्हती.

दुसरी गाठ वाहतुकीची. २००८च्या नियमांत वनोपज नेण्याची साधने लिहिली होती: डोक्यावरचा भारा, सायकल, हातगाडी. नियम करणाऱ्याच्या डोळ्यासमोर मोळी विकणारी बाई असावी. अठराशे हेक्टर जंगल राखून त्यातला बांबू ट्रकने बाजारात पाठवणारी ग्रामसभा त्याच्या कल्पनेत आलीच नव्हती. आणि ट्रक जाणार तर वाहतूक परवाना हवा, ज्याला तिकडे सगळे 'टीपी' म्हणतात. टीपीचे पुस्तक खात्याच्या हातात. म्हणजे मालकी ग्रामसभेची, पण माल वेशीबाहेर न्यायचा तर खात्याने सही करायला हवी. ग्रामसभेने बांबू विकायला काढला तेव्हा खात्याने टीपी दिली नाही.

यातले शिकण्याचे भाग कुठले? कायद्याच्या दोन व्याख्यांतली विसंगती हा एक. नंतरचा कायदा आधीच्याला कुठवर मागे सारतो हा दुसरा. तिसरा भाग जंगलातला आहे आणि माझ्या मते तो सगळ्यात महत्त्वाचा: बांबू तोडायचा कसा?

बांबूच्या बेटात नवे वेळू बाहेरच्या कडेने येतात, जुने पक्व वेळू मधोमध असतात. नगावर मजुरी मिळणारा तोडणारा कडेकडेने तोडत जातो, कारण तिथे हात पोचतो. म्हणजे जे राखायचे ते तुटते आणि जे काढायचे ते आत दाटून राहते. काही वर्षांत बेट गच्च होते, वेळू वेडेवाकडे येतात, बेट मरायला लागते. ठेकेदारी तोडीने गडचिरोलीतली कितीतरी बेटे अशी गेली. नीट तोड करायची तर आत शिरून पक्व वेळू काढावे लागतात, जमिनीपासून थोड्या उंचीवर, पेराच्या वर, कोवळे वेळू आणि त्यांना आधार देणारे काही जुने ठेवून. पावसाळ्यात उगवणारे कोवळे कोंब, ज्यांना इकडे वास्ते म्हणतात, भाजीसाठी किती काढायचे यालाही मर्यादा घालावी लागते. तोडीला मेहनत जास्त आणि मजुरी त्या हिशेबाने द्यावी लागते. मग विक्रीचा भाव काय धरायचा, गावाच्या निधीत किती जायला हवे, जंगल राखणीवर किती, हे सगळे त्यातून निघते.

हे ज्ञान गावात अर्धे होतेच, पिढ्यांचे. उरलेले बाहेरून आले. अभ्यासाची ही सवय मेंढ्याला आधीपासूनची होती. मधाचेच घ्या. आग्या मोहोळ जाळून मध काढायची जुनी रीत. तिच्यात माशा मरतात, पोळे जाते. पोळ्याचा मधाचा भाग तेवढा कापून अंड्या-पिलांचा भाग शाबूत ठेवायची पद्धत गावाने अभ्यासातून उचलली आणि अमलात आणली. अशा छोट्या विषयांवर वर्षानुवर्षे बसलेले लोक मोठा विषय आला तेव्हा गांगरले नाहीत.

आणि ठरवायचे काय होते? खरे तर तीनच पर्याय. अधिकारपत्र भिंतीवर लावून खात्याच्या परवानगीची वाट पाहायची. न्यायालयात जायचे. किंवा आम्ही मालक आहोत असे धरून वागायला सुरुवात करायची आणि खात्याने अडवले तर अडवू द्यायचे. अभ्यास या तिन्हींचे परिणाम सांगू शकत होता. निवड करून देऊ शकत नव्हता. गावाने तिसरा पर्याय घेतला. टीपी नाकारली गेली ती उघडपणे, लेखी मागणीनंतर. त्यामुळे गावातला वाद राज्याचा आणि मग देशाचा प्रश्न झाला.

२१ मार्च २०११ रोजी त्या वेळचे केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू हा गौण वनोपज मानावा असे कळवले. २७ एप्रिल २०११ ला ते आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि टीपीचे पुस्तक ग्रामसभेच्या हवाली केले. आपल्या जंगलातल्या बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेने स्वतः द्यायचा, असे देशात तोवर कुठे झाले नव्हते. पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली: भारा, सायकल, हातगाडीची अट गेली आणि परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला. २०१७ मध्ये १९२७च्या कायद्यातल्या वृक्षाच्या व्याख्येतून 'बांबू' हा शब्दच निघाला.

टीपीचे पुस्तक आल्यावर काम सोपे झाले नाही, वाढले. निविदा काढणे, व्यापाऱ्याशी करार, तोडलेल्या बांबूची मोजणी, मजुरीचे वाटप, बँक खाते, ग्रामसभेच्या नावाने पॅन कार्ड. यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी शिकावी लागली. आणि प्रत्येक गोष्टीत 'हे आपण करायचे का' हा प्रश्न सभेत यावा लागला.

यात नेता कोण?

देवाजी तोफा नेते आहेत, याबद्दल वाद नाही. टीपीचे पुस्तक त्यांच्याच हातात दिले गेले. वर्तमानपत्रांत फोटो त्यांचे आले. पण त्यांच्या नेतृत्वात निर्णयाची मक्तेदारी नाही. ग्रामसभेत त्यांचे मत एक, आणि ज्या बाईचा विरोध आहे तिचा विरोध त्यांच्या होकाराला थांबवू शकतो. मग त्यांनी नेमके केले काय? सगळ्यांच्या वतीने बाहेर जाऊन बोलले. अधिकाऱ्यासमोर मान खाली न घालता उभे राहिले. ठरलेली गोष्ट तडीस नेली. आणि शिकण्याच्या बैठकीला स्वतः विद्यार्थ्यासारखे बसले, सगळ्यांसमोर प्रश्न विचारले. हे शेवटचे फार मोलाचे आहे. गावातला सगळ्यात मानाचा माणूस सर्वांसमोर 'हे मला समजले नाही, पुन्हा सांगा' म्हणतो, तेव्हा बाकीच्यांना तसे म्हणायला धीर येतो.

मोहनभाऊंचे काम याच्या उलट बाजूने पाहावे. त्यांना कायदा माहीत, राज्यभर ओळखी, भाषेवर पकड. गावाचा नेता होणे त्यांना अगदी सहज शक्य होते. कार्यकर्त्याला हा मोह केवढा असतो ते या क्षेत्रात असणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. गाव चुकते आहे असे डोळ्यांना दिसत असताना गप्प राहणे आणि 'अभ्यास गटात हा विषय पुन्हा घेऊ या' एवढेच म्हणणे, याला जे बळ लागते ते भाषण करायला लागणाऱ्या बळापेक्षा जास्त आहे. २०२५ मध्ये ते गेले. त्यांच्या कामाची ओळख करून देताना बहुतेकांनी 'मेंढ्याचे शिल्पकार' असे काहीसे लिहिले असेल. मला तो गौरव त्यांच्या कामावर अन्याय करणारा वाटतो. त्यांनी गाव घडवले असे म्हणणे म्हणजे तीन दशके त्यांनी ज्या गोष्टीपासून स्वतःला दूर ठेवले, तीच त्यांच्या पदरात टाकणे.

म्हणजे या प्रकरणात शिकण्याची भूमिका आणि नेतृत्वाची भूमिका एका माणसाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते. मधाच्या अभ्यासात म्हाताऱ्या मध काढणाऱ्याचा शब्द वजनदार, कायद्याच्या अभ्यासात बाहेरून आलेल्याचा, दारूच्या विषयात बायकांचा. ठरवताना मात्र सगळे सारखे. ज्याला जास्त कळते त्याचा हात सभेत जास्त वर जात नाही.

कुठे ताणले जाते

हे सगळे कुठेही चालेल असे म्हणणे खोटे ठरेल. शंभर घरे, एकच समाज, सगळ्यांची उपजीविका एकाच जंगलावर. जातीपातींत वाटलेल्या, हजार घरांच्या गावात सर्वसहमती ही बलवंतांची संमती होऊन बसण्याचा धोका मोठा आहे. गप्प राहिलेल्याला संमत धरले जाते. मेंढ्यालाही बायकांना सभेत आणण्यासाठी नियम करावा लागला, ते आपोआप झाले नाही.

वेळेचाही प्रश्न आहे. तेंदूचा हंगाम थोडक्या आठवड्यांचा. तेव्हा 'पुढच्या सभेत पाहू' म्हणणे परवडत नाही. त्यामुळे घाईच्या गोष्टींचा अभ्यास हंगामाच्या खूप आधी करून ठेवावा लागतो, आणि ते सगळ्या गावांना जमत नाही.

गडचिरोलीत नंतर शेकडो ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले. जवळच चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने बांबूचे काम स्वतःच्या नियमांनी फार चांगले उभे केले. पण कितीतरी ठिकाणी अधिकारपत्र आले, टीपीचे पुस्तक आले आणि अभ्यासाची बैठक आलीच नाही. तिथे खात्याच्या जागी व्यापारी आला. गावातले दोन-चार हुशार तरुण त्याच्याशी बोलतात, करारावर सह्या करतात, बाकीच्यांना रक्कम कळते. ही मुले बेइमान असतात असे नाही. पुष्कळदा ती प्रशिक्षणातून तयार झालेली असतात. त्यांना कळते म्हणून तेच ठरवतात, एवढेच. अशा गावांना आणखी एक 'नेतृत्व विकास' शिबिर देऊन काय साधेल ते मला कळत नाही. तिथे द्यायला हवी ती निर्णयाचा अधिकार नसलेली, दर पंधरवड्याला बसणारी, कुणालाही येता येईल अशी एक बैठक.

संस्थांनाही हे करून पाहता येईल. विश्वस्त मंडळाच्या ज्या सभेत ठराव मांडायचा त्याच सभेत विषय पहिल्यांदा समजावून सांगू नये. आधी एकदा फक्त समजून घ्यायला बसावे, त्या दिवशी कुणी सूचक-अनुमोदक होऊ नये, कार्यालयातल्या शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांनी विचारावे. मधे काही दिवस जाऊ द्यावेत. मग ठरवायला बसावे.

मेंढ्याची पुढची परीक्षा बांबूपेक्षा अवघड होती. बांबू सरकारकडून मिळवायचा होता. जमीन स्वतःकडून द्यायची होती. महाराष्ट्र ग्रामदान कायदा १९६४चा. विनोबांच्या चळवळीनंतर तो जवळजवळ विस्मरणात गेला होता. आपापल्या शेतजमिनीची मालकी ग्रामसभेकडे द्यायची, कसण्याचा आणि वारसाचा हक्क आपल्याकडे ठेवायचा, जमीन गावाबाहेर विकायची नाही, असा त्याचा आशय. हा कायदा समजून घेणे हे अभ्यासाचे काम होते, आणि ते पुरेसे आधी सुरू झाले होते. पण आपला सातबारा गावाच्या नावे करायचा की नाही, हे प्रत्येक घराला चुलीपाशी बसून ठरवावे लागले. २०१३ मध्ये गावाने ग्रामदानाचा निर्णय घेतला. शासनदरबारी त्याची तड लागायला त्यानंतर दहाएक वर्षे गेली आणि त्यासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचे दार ठोठवावे लागले.